पन्नाशीत मॅरेथॉन? जरूर, पण आधी तपासणी, मग तयारी

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या आधीच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या पोरांनी दहा किलोमीटरची दौड ठेवली होती. उत्साह दांडगा होता. टी-शर्ट वाटले, केळी वाटली, ढोल-ताशा लावला. सहाला सुटायची दौड भाषणे होता होता साडेसातला सुटली. एप्रिल महिना, नागपूरचे ऊन. सातव्या किलोमीटरच्या आसपास आमच्यातला एक भाऊ रस्त्याच्या कडेला बसला आणि तिथेच आडवा झाला. वय ४८. रोज सिमेंटची पोती वाहणारा माणूस. वस्तीत त्याच्या ताकदीचे दाखले देत होते. सरकारी दवाखान्यात नेले, वाचला. डॉक्टरांनी विचारले, "बीपी शेवटचा कधी तपासला होता?" उत्तर होते, "कधीच नाही." त्या दिवशी त्याचा वरचा आकडा १८० च्या पुढे होता.

त्या रात्री विहारात बसून आम्ही कडाडून भांडलो. एक बाजू म्हणत होती, "या वयात धावायचेच कशाला? हे बंगल्यातल्या लोकांचे चोचले आहेत." दुसरी बाजू म्हणत होती, "धावण्याने नाही, बिनतयारीने पडला तो." त्या भांडणातून आम्ही अकरा जण पुढे आलो. वय ३८ ते ५७. रिक्षाचालक, अंगणवाडी सेविका, सिक्युरिटी गार्ड, शाळेतला शिपाई, दोन धुणीभांडी करणाऱ्या बाया, एक शिक्षक, बाकी मजुरी करणारे. दीड वर्षे तयारी केली. जे शिकलो ते या पानावर मांडतो आहोत, कारण आमचे मत आता पक्के झाले आहे: चाळिशी-पन्नाशीत मॅरेथॉनची तयारी आपल्या वस्तीतल्या माणसाला जमते, आणि तिची गरज आपल्यालाच सर्वांत जास्त आहे. मात्र ती एका दिवसाच्या जोशाने होत नाही.

"दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?"

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक घरात विचारला गेला. प्रश्न खोटा नाही. पण पोती वाहणे, बारा तास गेटवर उभे राहणे, वाकून फरशी पुसणे आणि धावणे यांत मोठा फरक आहे. कामात शरीराचे तेच ते भाग झिजतात. कंबर, खांदा, गुडघा. विश्रांती कधी घ्यायची ते आपल्या हातात नसते, मुकादमाच्या हातात असते. हृदयाची ताकद वाढायला वेगळी हालचाल लागते: अर्धा-पाऊण तास सलग, एका लयीत, दम लागेल पण बोलता येईल एवढ्या वेगाने, आणि त्यानंतर पुरेसा आराम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. कष्टकऱ्याचे शरीर थकलेले असते. ते निरोगी असतेच असे नाही. आमचा पडलेला भाऊ हेच आम्हाला शिकवून गेला.

आणि वयाचे म्हणाल, तर पंजाबात जन्मलेले फौजा सिंग यांनी २००० साली लंडनची मॅरेथॉन धावली तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. २०११ साली शंभरी गाठल्यावर त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. सगळ्यांना ते जमणार नाही. पण "पंचेचाळिशी झाली, आता काय राहिले" हे म्हणणे सोडून द्यायला एवढे पुरे आहे.

पहिला महिना फक्त तपासणीचा

आम्ही पहिले पाऊल टाकले ते आरोग्य केंद्राच्या दारात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ती आपला हक्क आहे. आमच्या अकरा जणांत तिघांचा बीपी वाढलेला निघाला, दोघांची शुगर. पाचांपैकी चौघांना त्याचा पत्ताच नव्हता.

आकडे लक्षात ठेवा. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जा. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त असेल तर तो मधुमेह; १०० ते १२५ म्हणजे धोक्याची घंटा. हिमोग्लोबिन बाईचे १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर आधी रक्त भरून काढा, मग धावा. चाळिशीच्या पुढे असाल, तंबाखू खात असाल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी काढून घ्या. डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही करा. बीपी किंवा शुगर निघाली म्हणजे धावणे संपले असे नाही. आमच्यातले दोघे रोज गोळी घेऊन धावतात. फक्त शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात गूळ किंवा साखर ठेवावी, कारण धावताना शुगर एकदम उतरू शकते. घरी आल्यावर त्याने तळपाय पाहावेत. मधुमेहात जखम झाली तरी कळत नाही.

विदर्भातल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक तपासणी अत्यंत महत्त्वाची आहे: सिकलसेल. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. अनेक घरांत कुणी ना कुणी वाहक असतो, पण लग्न जुळवतानाही ही गोष्ट लपवली जाते. सिकलसेलचा रुग्ण असलेल्याने मॅरेथॉनच्या वाटेला जाऊ नये. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने हलके चालावे. वाहकाला मात्र बंदी नाही. आमच्यात दोघे वाहक आहेत. पण वाहकाने अंगात पाणी कमी असताना, उन्हात, सवय नसताना एकदम जोर लावला तर स्नायू तुटून त्याचा कचरा मूत्रपिंडात जाऊन बसतो, आणि माणूस दगावूही शकतो. म्हणून वाहकाने वेग हळूहळू वाढवावा, पाणी प्यावे, आणि मांडीत किंवा पाठीत एकाएकी कळा येऊन पाय गळाले तर तिथेच थांबावे. "दम धर, भाऊ" म्हणून त्याला कुणी पुढे ढकलू नये. बोर्डावर कुणाचे नाव पहिले येते त्यापेक्षा सगळे घरी परत येतात की नाही हे मोठे आहे.

सोणाची वीणा

आमच्यातल्या शिक्षकभाऊंनी पहिल्याच बैठकीत विनयपिटकातली सोण कोळिविस याची गोष्ट सांगितली. सोण हा श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा. भिक्खू झाल्यावर त्याने एवढे चंक्रमण केले, म्हणजे चालण्याची साधना केली, की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. मनात आले, सोडून द्यावे. तथागतांनी त्याला विचारले, तू घरी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? दोन्ही वेळा नाही. मग प्रयत्नही तसाच ठेवावा.

दीड वर्षे आम्ही याच एका गोष्टीवर चाललो. तयारीचा आराखडा असा होता.

पहिले तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, फक्त चालणे. वीस मिनिटांपासून एक तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. पुढचे तीन महिने एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल. हळूहळू धाव वाढवायची, चाल कमी करायची. जानेवारीत दहा किलोमीटर झाले. उन्हाळ्यात अंतर वाढवले नाही; पहाटे पाचला निघून सहाच्या आत घरी. नवतप्यात तर धाव पूर्ण बंद. पावसाळ्यात पुन्हा वाढवत २१ किलोमीटर गाठले. ऑक्टोबरपासून खरी मॅरेथॉनची तयारी. दर रविवारी लांब धाव, सर्वांत लांब ३० किलोमीटरची, तीही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत आणले, म्हणजे पाय ताजे राहतात.

नियम चारच ठेवले. पहिला, धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. नाही आले तर वेग कमी. दुसरा, आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्याच्या दहाव्या भागाहून जास्त वाढवायचे नाही, आणि दर चौथ्या आठवड्याला उलट कमी करायचे. तिसरा, आठवड्यात धाव तीनच दिवस. दोन दिवस उठाबशा, टाचा उचलणे, जिना चढणे. चाळिशीनंतर स्नायू घटत जातात, ते असे टिकतात. उरलेले दोन दिवस आराम. ज्याला दिवसभर ओझे वाहायचे आहे त्याने त्या दिवशी धावायचेच नाही. चौथा, दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर दोन दिवसांत बरे होतात. पण एकाच जागी दुखणे, धावताना वाढणारे दुखणे, लंगडायला लावणारे दुखणे म्हणजे थांबायची खूण.

नियम मोडल्यावर काय होते तेही सांगतो. आमचे रिक्षावाले भाऊ तिसऱ्या महिन्यातच म्हणायला लागले, दम तर मस्त टिकतो, मग चालत कशाला बसू? एकदम अंतर वाढवले आणि नडगीचे हाड दुखून दोन महिने घरी बसले. हृदय आणि फुफ्फुस काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि स्नायूंच्या दोऱ्यांना महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. या वयात दम आधी वाढतो, पाय मागून येतो. पायासाठी थांबावेच लागते.

खर्रा, गोळी आणि पाणी

विदर्भात धावण्याचा सर्वांत मोठा शत्रू कोण, तर खर्रा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाला जास्त राबावे लागते. तोंडाचा कॅन्सर आपण घराघरांत पाहिला आहेच. आमच्यातले पाच जण खर्रा खात होते. तिघांचा सुटला, दोघांचा कमी झाला. पहाटे उठून धावायचे म्हटले की रात्रीची बाटलीही आपोआप कमी होते. व्याख्यानाने जे झाले नाही ते पहाटेच्या गजराने झाले.

दुखण्याच्या गोळ्या घेऊन धावू नका. मेडिकल स्टोअरमधून दहा रुपयांची गोळी आणून कामावर जायची आपली जुनी सवय आहे. पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करतात, पोटात रक्तस्राव करू शकतात, आणि दुखणे लपवतात. दुखणे हा शरीराचा निरोप आहे. त्याचे तोंड दाबू नका.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. लांब धावेत नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिणेही धोक्याचे. रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखते, उलटी होते, माणूस भ्रमिष्टासारखे बोलतो. ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी सोबत ठेवा. महागड्या पुड्या-पाकिटांची गरज नाही. केळी, गूळ, खजूर यांवर आम्ही तीस किलोमीटर धावलो. रोजच्या जेवणात भाकरी, वरण, अंडी, फुटाणे, शेंगदाणे. आणि झोप. रात्रपाळी करणाऱ्या आमच्या गार्डभाऊंनी एक नियम केला: पाळीहून आल्यावर आधी झोप, मग संध्याकाळी धाव. झोप मोडून केलेला व्यायाम अंगी लागत नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, एकाएकी दम कोंडणे, चक्कर. यातले काहीही झाले तर "पित्त असेल" म्हणू नका. थांबा आणि थेट दवाखाना गाठा. उन्हात धावणारा माणूस बरळू लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि दवाखान्यात न्या. दौड भरवणाऱ्या पोरांना आमची विनंती आहे: भाषणे संध्याकाळी ठेवा, दौड पहाटे ठेवा, आणि बीपीचे मशीन टी-शर्टच्या आधी आणा.

बाईचा तास

आमच्या गटात चार बाया. पुरुषांना धावायला फक्त बूट लागले. बायांना आधी तासभर वेळ मिळवावा लागला. पहाटे पाण्याचा नळ, डबे, मुलांची शाळा. यात पाच ते सहा हा तास कुणी द्यायचा? एका ताईंच्या नवऱ्याने नळाचे पाणी भरायला घेतले, तेव्हा त्या धावू शकल्या. दुसऱ्या ताईंच्या घरी कुणी हलले नाही. त्या चौथ्या महिन्यात सुटल्या. त्या सुटल्या हे आम्ही त्यांचे अपयश मानत नाही.

बायांना शर्यतीत येऊ न देणे सगळ्या जगात चालत आले. १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने त्यांना ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ऑलिम्पिकमध्ये बायांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली. आमच्या ताईंना ओढायला कुणी आले नाही. कोपऱ्यावरच्या पोरांचे शेरे मात्र आले. आम्ही गटाने धावू लागलो, शेरे थांबले.

बायांनी दोन गोष्टी मोकळेपणाने डॉक्टर किंवा नर्सताईंशी बोलाव्यात. पाळी जाण्याच्या वयात हाडे ठिसूळ होतात; म्हणून नुसते धावणे पुरत नाही, ताकदीचा व्यायाम हवाच. आणि बाळंतपणानंतर धावताना, शिंकताना लघवी सुटते, याची लाज धरून अनेक जणी घरी बसतात. ओटीपोटाच्या खालचे स्नायू आवळण्याच्या साध्या व्यायामाने ते बरेच सुधारते.

बूट, रस्ता आणि मागणी

सोणाच्या गोष्टीचा शेवट फार थोड्यांना ठाऊक असतो. त्याचे पाय पाहून तथागतांनी त्याला पादत्राण वापरायची मुभा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको. मग सगळ्या भिक्खूंना ती मुभा मिळाली. आम्हीही तेच केले. भिशी लावली. दर महिन्याला एकाचे बूट. महागडी कंपनी पाहिली नाही. टाच घट्ट बसते का, पुढे अंगठ्याला जागा आहे का, एवढेच पाहिले.

बारामतीच्या लता भगवान करे नवऱ्याच्या तपासण्यांच्या पैशासाठी नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्यांच्या जिद्दीला आमचे वंदन. पण ती गोष्ट प्रेरणेची म्हणून सांगून आपण मोकळे होतो, हे आम्हाला मान्य नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी एका वयस्कर बाईला शर्यत जिंकावी लागणे ही लाजेची गोष्ट आहे. म्हणून आम्ही धावता धावता मागण्याही करतो: वस्तीतल्या आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या खंड न पडता मिळाव्यात, रस्त्यावरचे दिवे पहाटे चालू असावेत, आणि वस्तीतली उरलीसुरली मैदाने गाड्या लावायला जाऊ नयेत.

शेवटचा हिशोब. अकरांपैकी चौघांनी जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन धावली, दोन बाया आणि दोन पुरुष. पेडर रोडचा चढ शेवटी शेवटी येतो तेव्हा चौघेही चालले. चालायला लाज कसली? सहा तासांच्या आसपास चौघेही पोचले. तिघे २१ किलोमीटरवर थांबले आणि तिथेच खूश आहेत. दोघे रोज चालतात. दोघांचे सुटले. बीपीवाल्या तिघांचेही आकडे आज आटोक्यात आहेत, आणि आमच्या मते खरे पदक तेच.

आणि तो पडलेला भाऊ? तो धावत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, तेवढे चालतो, गोळी चुकवत नाही. रविवारी पहाटे कामठी रोडने आम्ही निघालो की तो सायकलला पाण्याचे कॅन बांधून मागे असतो. कुणी नवा माणूस आला की आमच्या आधी तोच विचारतो, "भाऊ, बीपी तपासला का?"

तुमच्या वस्तीतही येत्या रविवारी पाच-सात जण जमा. धावू नका. आधी आरोग्य केंद्रात जा.